त्याचे पैसे, माझं घर

घर बघायला गेलं की सोलापूरचा माणूस आधी खोल्या बघत नाही, पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारतो. आम्हीही तेच विचारलं. फ्लॅटचे मालक म्हणजे एक निवृत्त आजोबा होते. ते म्हणाले, "पाण्याचं काय सांगायचं, येतं तेव्हा येतं. पण आपल्या सोसायटीची टाकी बघा." आणि खोल्या दाखवायच्या आधी ते आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. मी टाकीचं झाकण उचलून आत डोकावले, केवढी खोल होती ती, आणि तिथेच उन्हात उभ्या उभ्या ठरवून टाकलं की घर घ्यायचं तर हेच घ्यायचं. खोल्या नंतर पाहिल्या. स्वयंपाकाचा ओटा माझ्या उंचीला बरोबर होता, बाल्कनीसमोर मोकळं मैदान होतं. मला हसू आवरेना. सौदा करायला आलेल्या माणसाने असं हसायचं नसतं म्हणून त्याने मला कोपराने ढोसलं.

"तो" म्हणजे माझा जोडीदार. मी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते; मूळची मंद्रूपची, शेतकऱ्याघरची. तो पूर्व भागातल्या विणकर घरातला. घरात तेलुगू, घराबाहेर अस्सल सोलापुरी मराठी, आणि धंदा यंत्रमाग दुरुस्त करायचा. आम्ही लग्न न करता बरीच वर्षं एकत्र राहतोय. माझं एक लग्न होऊन मोडलं होतं, आणि ते मोडताना कोर्टाच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या की पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, असा कानाला खडा लावला होता. त्याला मी हे पहिल्या महिन्यातच सांगितलं. तो म्हणाला, "तू ऱ्हा म्हंजे झालं. कागदाचं काय लोणचं घालायचंय?"

शहरात याला लिव्ह-इन म्हणतात. आमच्या घरमालकांकडे मात्र त्याला शब्दच नव्हता, त्यामुळे ते अडखळायचे आणि मग घर रिकामं करायला सांगायचे. शेवटच्या मालकीणबाई तर खरोखर चांगल्या होत्या. त्यांनी शेंगाची चटणी बांधून दिली आणि म्हणाल्या, "मुलाचं लग्न ठरायलंय. पाहुणे येतील, विचारतील, वरती कोण राहतं? मी काय सांगू?" मी चटणी घेतली आणि त्याच दिवशी ठरवलं की आता भाड्याचं घर पुरे. यापुढे वरती कोण राहतं हे आपणच सांगायचं.

पगार माझा पक्का, त्यामुळे कर्ज मिळणार होतं. पण बँक घराची सगळी किंमत देत नाही. काही हिस्सा आपण आधी भरायचा असतो. माझी शिल्लक इसार द्यायला आणि नोंदणीच्या खर्चाला पुरली असती, त्यापुढे नाही. त्यात आजोबांना दसऱ्याच्या आत व्यवहार उरकून पुण्याला मुलाकडे जायचं होतं. माढ्याची एक पार्टी रोख घेऊन तयारच होती, पोरांच्या शाळेसाठी त्यांना शहरात घर हवं होतं. आजोबांनी आमचा इसार घेतला, पण स्पष्ट सांगितलं, दसऱ्यापर्यंत थांबतो, पुढे नाही.

आमच्याकडे त्या दिवशी पाणी आलं होतं. तो पिंपात पाइप धरून उभा होता. मी ओट्यापाशी आकडेमोड करत बसले होते आणि बहुतेक मोठ्याने सुस्कारे टाकत होते. त्याने मान न वळवताच म्हटलं, "शेडचे हायत की माझे."

त्याच्या वडलांची मागाची शेड भावांनी विकली होती, त्यातला त्याचा वाटा बँकेत पडून होता. सात लाख. त्याच्याकडे आयुष्यात एवढीच रक्कम एकदम आली होती. मी म्हटलं, उसने घेते, महिन्याला परत करते. तो म्हणाला, "उसने कशाला? घे की." पिंप भरून वाहायला लागलं तरी आमचं उसने की घे चाललंच होतं. शेवटी पाय भिजले तेव्हा मी नळ बंद केला आणि उसने म्हणूनच घ्यायचे असं एकतर्फी जाहीर केलं.

बँकेतल्या बाईंनी ते दोन मिनिटांत मोडून काढलं. माझ्याहून लहान असतील, पण बोलणं मोजकं. "उसने म्हणजे तुमच्यावर आणखी एक कर्ज. मग आमची रक्कम तेवढी खाली येणार, आणि घर हातचं जाणार. भेट म्हणून देत असतील तर चालेल. देणारे कोण?"

"हे," मी शेजारी बोट दाखवलं. "आम्ही एकत्र राहतो."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "नातं काय लिहू?"

तो पुढे वाकून म्हणाला, "काय लिवल्यावर कर्ज मिळतंय ते लिवा की, मॅडम."

बाईंनी "मित्र" लिहिलं. मग समजावून सांगितलं. लग्न झालेलं नाही, म्हणून त्यांच्या बँकेच्या नियमात तो सहकर्जदार बसत नाही. आणि सहकर्जदार नाही म्हणून घराच्या कागदावर त्याचं नावही येणार नाही. घर फक्त माझ्या नावावर. त्याने मुद्रांकावर लिहून द्यायचं की हे पैसे मी परत मागणार नाही आणि या घरावर माझा कसलाही हक्क नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "पैसे त्यांचे आणि हक्क नाही? हा कुठला न्याय?" मी जरा जोरातच बोलले असणार, कारण रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, बँकेला घर तारण ठेवायचंय. उद्या कुणी उठून माझाही हिस्सा आहे म्हणालं तर?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी कशाला उठतोय? सई कुटं करायची ते सांगा."

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. माझ्या ओळखीचे एक करसल्लागार आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, नात्याबाहेरच्या माणसाने एवढी रक्कम भेट दिली तर ती तुमचं उत्पन्न धरतात, कर भरा. नवऱ्याने दिली असती तर एक पैसा कर नव्हता. "मग करून टाका की लग्न," ते हसत म्हणाले. आम्ही दोघेही हसलो आणि बाहेर येऊन स्कूटरवर बसलो. सात रस्त्याच्या सिग्नलला त्याने मान वळवली. "काय गं, करायचं का लगीन? कर वाचायलाय."

"लोकांनी हुंड्यासाठी लग्नं केलेली पाहिलीत. कर वाचवायला केलेलं नाही पाहिलं."

"मग आपण पैले," तो म्हणाला आणि सिग्नल सुटला.

मी ते मनावर घेतलं नाही. कर भरायला पहिल्या लग्नातल्या पाटल्या मोडल्या. त्या पाटल्यांचा याहून चांगला उपयोग झाला नसता आणि सोनाराच्या दुकानातून बाहेर पडताना मला अगदी मोकळं वाटत होतं.

खरा ठोसा आईकडून बसला. माझी आई मंद्रूपला असते. माझं असं राहणं तिला कधीच पटलं नाही. आमच्या भाड्याच्या घरी ती एकदाच आली होती, आणि तेव्हा पाणीसुद्धा न पिता गेली. फोनवर तिला घराचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, निदान घर माझ्या नावावर होतंय म्हणून तरी खूश होईल. तिने आधी पैसे कुठून आणले ते विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, "पैसं त्येचं आन् घर तुज्या नावावर?"

"व्हय."

"त्येला येडं लागलंय का? उद्या तुज्या डोस्क्यात राग गेला आन् तू त्येला भायेर काडलंस, तर त्यो कुटं जाईल?"

मी तिची मुलगी, आणि ती त्याची काळजी करत होती. मला इतका आनंद झाला की मी फोनवरच हसले, आणि फोन ठेवल्यावर तेच वाक्य डोक्यात रुतून बसलं. माझा राग आईला माहीत आहे. मला स्वतःलाही माहीत आहे. तो या घरात राहील, पण माझ्या मर्जीने राहिल्यासारखा राहील का, एवढी एकच भीती मला उरली होती. बाकी सगळ्या अंगात नुसती घाई भरली होती. कामावर जाताना मी वाट वाकडी करून त्या बिल्डिंगसमोरून जायचे आणि वर बघून यायचे.

मुद्रांक झाला, त्याने सही केली, पैसे माझ्या खात्यात आले. फाइल वर गेली. दसरा पुढच्या आठवड्यात होता. मी एका आजीबाईंच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होते तेव्हा फोन वाजत राहिला. रक्त काढून झाल्यावर परत लावला तर बँकेतल्या बाई. "मॅडम, फाइल परत आली. पत्रात सात लाख आहेत आणि खात्यात सात लाख एक. हा एक रुपया कुठला?"

मी त्याला फोन केला. मागांच्या खडखडाटात त्याला ऐकू जाईना, मग तो बाहेर आला. "किती पाठवलेस तू?"

"सात लाख एक."

"एक कशाला?"

"आगं, शून्यावर आहेर करत्यात का कुटं?"

मी कॉरिडॉरमध्ये उभी होते, पेशंट बाजूने जात होते. बँक त्याला भेट म्हणत होती, करसल्लागार उत्पन्न म्हणत होते, मी इतके दिवस मनातल्या मनात उसनेच म्हणत होते. आणि याने आहेर केला होता. बँकेच्या काउंटरवर उभा राहून, सात लाखांच्या चलनावर एक रुपया वाढवून. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्याला उचलून गिरकी घ्यावी असं वाटत होतं. मी म्हटलं, "आहे तसा निघ. बँकेत ये."

तो हाताला ग्रीस असलेल्या अवस्थेत आला. मी बाईंना म्हटलं, सोपं आहे, मी आत्ता मोबाइलवरून याला एक रुपया परत करते. बाई एकदम हात वर करून म्हणाल्या, "अजिबात नको. तुम्ही रुपया परत केलात की वरचे म्हणणार, परतफेड सुरू झाली, म्हणजे ते उसनेच होते."

"आन् मी घेनारबी न्हाय," तो म्हणाला. "आहेरातला रुपाया कोन परत घेतंय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "मला कळतं हो. माझ्याही लग्नात सगळ्यांनी वर एक-एक लावलाच होता. पण कॉम्प्युटरला कुणी सांगायचं?" मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "नवीन मुद्रांकावर नवीन पत्र करा, सात लाख एकचं. बँक बंद व्हायच्या आत आणलंत तर आजच वर पाठवते. मंजुरी देणारे साहेब दोन दिवसांनी रजेवर जातायत, मग काही दसऱ्याआधी होत नाही."

त्यानंतर आम्ही जी स्कूटर हाणली तिला तोड नाही. कोर्टाजवळ मुद्रांक विकणाऱ्यांकडे ही गर्दी. दसऱ्याच्या मुहूर्तावर अर्ध्या सोलापुराला घर घ्यायचं होतं. तो रांगेत, मी टंकलेखकाकडे. टंकलेखक म्हणाला, "एक जादा पडलाय का? खोडू?" मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की त्याने दोन्ही हात मशीनवरून उचलले. परत येताना मागच्या सीटवरून मी त्याच्या कानात ओरडले, "मी मृत्युपत्र करते. माझ्यामागे घर तुला."

"सण तोंडावर आलाय आन् मरायच्या गोष्टी कसल्या करायलीस?"

"मग मला चैन पडत नाही त्याचं काय करू?"

"घट्ट धर, फुडं खड्डा हाय," तो म्हणाला.

बँकेचं शटर अर्धं खाली आलं होतं. बाईंनी आतूनच हात केला. त्याने दुसऱ्यांदा सही केली की या घरावर माझा हक्क नाही. पहिल्या वेळी मी दुसरीकडे बघत होते. या वेळी मी बघितलं. ग्रीस लागू नये म्हणून त्याने रुमालात बोट गुंडाळून पेन धरलं होतं, आणि सही नेहमीसारखीच केली, घाईची. मला रडू आलं. बाईंनी ते पाहिलं आणि फाइलला दोरी बांधत म्हणाल्या, "मॅडम, होईल आता."

झालं. दोन दिवसांत मेसेज आला, कर्ज मंजूर. मी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटले, ज्या आजीबाईंच्या वेळी फोन वाजला होता त्या रिपोर्ट न्यायला आल्या तर त्यांनाही एक दिला. त्यांना साखरेचा आजार होता, त्यांनी अर्धा खाऊन अर्धा पदराला बांधला. नोंदणी झाली, आजोबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दसऱ्याला आम्ही दाराला झेंडूचं तोरण लावलं. आई आली. टेम्पोतून ज्वारीचं पोतं घेऊन आली, पाणी प्यायली, आणि त्याला दोनदा वाढलं. मी इतकी फिरत होते या खोलीतून त्या खोलीत की शेवटी तीच म्हणाली, "बस की आता, घर कुटं पळून जातंय व्हय?"

आई गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर डबे लावत होते. तो बाहेरच्या खोलीत होता. त्याच्या हातात वडलांचा धोटा होता, मागावर आडवा दोरा घेऊन धावतो तो लाकडी धोटा. शेड विकली तेव्हा त्याने तेवढाच आणला होता. दुसऱ्या हातात हातोडी. दारातून डोकावून त्याने विचारलं, "हितं खिळा मारू का?"

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. हा माणूस कधी विचारत नाही. भाड्याच्या प्रत्येक घरात मालक खिळे मारू नका म्हणायचे आणि हा मारायचा. सोडताना टूथपेस्टने भोकं बुजवायचा आणि वरून हात फिरवून मला दाखवायचा, कुटं दिसतंय का बघ. कुणाच्या बापाला न विचारणारा माणूस आज मला विचारत होता.

"कुणाला विचारतोयस?" मी म्हटलं.

"न्हाय, म्हंजे... तुजं घर हाय, म्हणून."

तो टोमणा मारत नव्हता. साधं, सरळ सांगत होता, म्हणूनच मला जास्त लागलं. आई म्हणाली होती ते एवढ्या लवकर आलं होतं, आणि मी रागावलेसुद्धा नव्हते. मग रागावले. जे तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, कागद बँकेसाठी होता, माझ्यासाठी नव्हता. म्हटलं, तुला परवानगी मागायची असेल तर आधी मला सांग, मीही ओट्यावर डबे ठेवायला तुझी परवानगी काढते. म्हटलं, पुन्हा विचारलंस तर महिन्याच्या एक तारखेला भाडं मागीन. शेवटी आवाज फुटला आणि नुसतंच म्हणाले, "मला असं घर नको रे."

तो "बरं," म्हणाला आणि गेला.

मग ठोकणं सुरू झालं. भिंत काँक्रीटची, खिळा वाकला. दुसराही वाकला. गिलाव्याचा हा एवढा पोपडा खाली पडला. मी आतून ऐकत होते आणि प्रत्येक घावाला मला बरं वाटत होतं. तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, मी डबे लावता लावता दाराच्या फटीतून बघितलं; गाऊनवर टॉवेल, डोळे झोपेने सुजलेले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, हातोडीकडे पाहिलं.

"आजोबांनी विकलं म्हणे. घर घेतलं कुणी? मालक कोन?"

मला पुढे जाता आलं असतं. कागदावर मीच मालक. मी हललेच नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. त्याने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"आमचं हाय की, काकू," तो म्हणाला. "मी आन् ती, दोगं ऱ्हातो."

"बरं झालं, मानसं आली," काकू म्हणाल्या. "पन दुपारचं ठोकू नका बाबा, झोपायला लागतंय. चारनंतर काय ठोकायचं ते ठोका."

"व्हय, चुकलं," तो म्हणाला. दार लावून आत आला, हातोडी कोपऱ्यात ठेवली आणि अर्ध्या शिरलेल्या खिळ्याखाली गार फरशीवर आडवा झाला. गिलाव्याचे तुकडे तसेच पडले होते. डोळे मिटून म्हणाला, "चारला उठीव गं मला."